बिनतिकिटाचे बेट

‘मोफत’ हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूतील ‘मुफ्त’ आणि मराठीतील ‘मोफत’ ही एकाच घरची भावंडे. दुकानावर ‘मोफत’ अशी पाटी दिसली, की आपली पावले आपोआप थबकतात. मात्र जे आपल्याला मोफत मिळते त्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. माझ्या मनात तो एका दूरच्या बेटावर आला. त्या बेटाची सफर आज मी तुम्हांला घडवणार आहे. गंमत अशी, की या सफरीत आपण जी ठिकाणे पाहू, त्यांपैकी एकाही ठिकाणी मला तिकीट काढावे लागले नाही.

हे बेट म्हणजे मॉरिशस. नकाशा उघडा आणि हिंद महासागरात आफ्रिकेच्या बाजूला पाहा. मादागास्कर हे मोठे बेट सापडले, की त्याच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर एक छोटा ठिपका दिसेल. तेच मॉरिशस. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही लाही होते, तेव्हा तेथे हिवाळा असतो. हिवाळा म्हणजे बर्फ नव्हे. संध्याकाळी अंगावर एखादी शाल असली म्हणजे पुरे.

माझी आपा आणि दुल्हाभाई काही वर्षे तेथे राहत होते. दुल्हाभाई कापडाच्या कारखान्यात कामाला होते. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. विमानाच्या भाड्यातच माझी साठवलेली बहुतेक रक्कम संपली होती. मॉरिशस म्हणजे मोठमोठी हॉटेले आणि श्रीमंत प्रवासी, एवढेच मी ऐकलेले. मी आपाला म्हटले, “मी घरातच बसेन. तुझ्याशी गप्पा मारण्यात सुट्टी निघून जाईल.” आपा हसली. तिने कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. बसभाड्याखेरीज एक पैसाही न देता पाहता येतील अशा जागांची ती यादी होती. कोणत्या बसने जायचे, कोठे उतरायचे, पाणी आणि छत्री बरोबर घ्यायची की नाही, हे सारे तिने नीट लिहून ठेवले होते. ती वही हाच आमचा वाटाड्या झाला.

यादीत पहिले नाव अर्थातच समुद्रकिनाऱ्याचे होते. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याभोवती समुद्रात पोवळ्यांचा, म्हणजे प्रवाळांचा, एक बांध आहे. तो माणसांनी बांधलेला नाही. अतिशय लहान सागरी जीवांनी हजारो वर्षांत तो रचला आहे. खोल समुद्रातून येणाऱ्या लाटा या बांधावर आपटतात आणि फुटतात. बांध आणि किनारा यांच्यामध्ये जे उथळ, शांत पाणी राहते त्याला भूगोलात ‘खारकच्छ’ म्हणतात. या पाण्याचा रंग किनाऱ्याजवळ फिकट हिरवा, पुढे निळा आणि बांधापलीकडे गडद निळा. मी तासन्‌तास नुसती बघत बसले.

किनाऱ्यावर सुरूची झाडे होती. आपल्या कोकणातही सुरूची बने आहेत, त्यामुळे वाऱ्याने होणारी त्यांची सळसळ मला ओळखीची वाटली. रविवारी त्या झाडांखाली जणू सारे बेट लोटले होते. कोणी घरून पातेलेभर बिर्याणी आणली होती, कोणी चटया अंथरल्या होत्या. मुले चेंडू खेळत होती. दुपारनंतर एका घोळक्याने डफासारखे वाद्य हाती घेतले आणि गाणे सुरू केले. त्या वाद्याचे नाव ‘रावान’ आणि गाण्या-नाचाचे नाव ‘सेगा’. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिका आणि मादागास्करमधून पकडून आणलेल्या गुलामांनी आपले दुःख ज्या गाण्यांत ओतले, त्यांतून सेगा जन्माला आला. २०१४ मध्ये युनेस्कोने पारंपरिक सेगाला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. आम्ही तो वाळूवर बसून ऐकला. कोणी पैसे मागितले नाहीत; उलट शेजारच्या आजीबाईंनी आमच्या हातांवर भाजलेली कणसे ठेवली.

वाळूवरून चालत चालत आम्ही एका मोठ्या हॉटेलासमोर आलो. पांढऱ्या आरामखुर्च्या, छत्र्या, गणवेशातील नोकर पाहून मी थांबले. मी आपाला म्हटले, “आपण मागे फिरू या. हे त्यांच्या मालकीचे दिसते.” आपा म्हणाली, “खुर्च्या त्यांच्या आहेत, वाळू नाही.” खरेच तसे आहे. मॉरिशसच्या कायद्याप्रमाणे भरतीचे पाणी जेथपर्यंत पोहोचते, तेथपर्यंतचा किनारा सर्वांचा असतो. त्यामागची सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टीसुद्धा सरकारी जमीन समजली जाते. फ्रेंचांच्या राजवटीपासून हा नियम चालत आला आहे. सरकार ती पट्टी हॉटेलांना किंवा बंगल्यांना भाड्याने देऊ शकते, पण पाण्याकाठच्या वाळूवर चालण्याचा हक्क कोणाकडून काढून घेता येत नाही. आम्ही त्या खुर्च्यांसमोरून ताठ मानेने चालत गेलो.

सगळाच किनारा मात्र असा शांत नाही. दक्षिणेला ग्री-ग्री नावाची जागा आहे. तेथे पोवळ्यांचा बांध तुटला आहे. त्यामुळे समुद्राच्या लाटा थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतात. पाण्याचे तुषार उंच उडतात आणि कड्यावरून पाणी खाली ओघळते. ते पाहिले, की बांधाचे महत्त्व समजते. मित्रांनो, अशा जागी पाण्यात कधीही उतरू नये. लांबून पाहावे आणि परतावे. पोवळ्याचा तुकडा तोडून खिशात टाकण्याचा मोहही आवरावा. तेथे तो गुन्हा आहेच. शिवाय जो बांध बेटाला सांभाळतो, त्याचा एक दगड काढणे कोणालाच शोभत नाही.

बेटाच्या मध्यभागी, क्यूरपीप गावाजवळ, एक जुना ज्वालामुखी आहे. त्याचे विवर सुमारे ३०० मीटर रुंद आणि सुमारे ८० मीटर खोल आहे. आता तेथे आग नाही, धूर नाही. उतारावर दाट झाडी वाढली आहे. विवराच्या काठाने एक रस्ता जातो. सकाळी म्हातारी माणसे त्यावरून फेरफटका मारतात. ज्या आगीतून हे बेट समुद्रातून वर आले, तिच्या काठावर उभे राहून आम्ही चहा प्यायलो. चहा घरून नेलेला होता, हे सांगायला नकोच.

यानंतर आम्ही राजधानी पोर्ट लुई येथे गेलो. तेथील निसर्ग-इतिहास संग्रहालयात मला एका पक्ष्याला भेटायचे होते. त्याचे नाव डोडो. डोडो फक्त मॉरिशसमध्ये होता. टर्कीएवढा मोठा, जाड चोचीचा आणि उडता न येणारा. या बेटावर त्याला शत्रूच नव्हता, म्हणून उडण्याची गरजही पडली नाही. १५९८ मध्ये डच खलाशी येथे उतरले. त्यांच्या मागोमाग डुकरे, उंदीर आणि माकडे आली. त्यांनी डोडोची अंडी फस्त केली. माणसांनी जंगल तोडले, शिकारही केली. शंभर वर्षांच्या आत पृथ्वीवरून डोडो नाहीसा झाला. संग्रहालयातील सांगाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला. तो शोधणारा कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता. एत्येन तिरियू हा पेशाने केस कापणारा. फावल्या वेळात तो डोंगरांत आणि गुहांत हाडे शोधत हिंडे. एकाच डोडोचा इतका पूर्ण सांगाडा जगात दुसरा नाही. त्या काचेपुढे उभी असताना माझ्या मनात आले, की डोडो त्या खलाशांना मोफतच मिळाला होता. जे मोफत मिळते ते कधी संपत नाही, असे त्यांना वाटले असेल का?

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात फिरायलाही पैसे पडत नाहीत. तेथे भोपळे, मिरच्या, कोथिंबीर, लिची आणि अननस यांचे ढीग असतात. ‘धोल पुरी’ विकणाऱ्या गाड्यांपुढे रांगा लागतात. धोल पुरी म्हणजे आपली डाळपुरी. पातळ पोळीत वाटलेल्या डाळीचे सारण, त्यावर रस्सा आणि चटणी. ती मात्र विकत घ्यावी लागते आणि एकीवर कोणाचे भागत नाही! बाजारापासून जवळच जुम्मा मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी ती उभारली. पांढरीशुभ्र कमान, कोरीव लाकडी दरवाजे आणि अंगणात बदामाचे भलेमोठे झाड. नमाजाची वेळ सोडून इतर धर्मांचे प्रवासीही अंगणात येऊन शांत बसतात. बाहेर गाड्यांचा गोंगाट आणि आत पानांची सावली.

तेथून चालत आम्ही बंदराकडे गेलो. वहीतील पुढच्या नावाखाली आपाने दोन रेघा ओढल्या होत्या. ते नाव होते, आप्रवासी घाट.

येथे पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. काही दगडी भिंती, काही खोल्यांचे अवशेष आणि १६ पायऱ्या. बस्स, एवढेच. पण या पायऱ्यांवरून जे चढले, त्यांची गोष्ट ऐका. ऊस पिकवण्यासाठी मळेवाल्यांना माणसे हवी होती. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. तिची चाहूल लागताच मळेवाल्यांनी भारताकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर येथे उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख माणसे करारावर येथे आणली गेली. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातूनही जहाजे निघाली. त्यांत बिहारचे शेतकरी होते, दक्षिणेतले तमिळ आणि तेलुगू होते, कोकणातले मराठी होते. हिंदू होते आणि मुसलमानही होते.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. करार संपल्यावर तरी माणूस मोकळा होत असेल, असे आपल्याला वाटते. पण १८६७ मध्ये एक कायदा झाला. करार संपवलेल्या प्रत्येक भारतीयाने आपले छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा परवाना जवळ बाळगला पाहिजे, असे त्यात ठरले. तिकिटाशिवाय रस्त्यावर आढळला, की त्याला भटक्या ठरवून पकडत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणेही धोक्याचे. आपल्या आजारी भावाला भेटायला निघालेला माणूससुद्धा तुरुंगात जाऊ शकत होता.

मित्रांनो, त्या पायऱ्यांसमोर उभी राहून हे वाचताना मी थोडी हादरले. गेले आठ दिवस मी याच बेटावर मनाला येईल तिकडे फिरत होते. तिकीट नाही, परवाना नाही, कोणाची विचारपूस नाही. आणि दीडशे वर्षांपूर्वी याच रस्त्यांवर माझ्यासारख्याच चेहऱ्याची, कदाचित माझ्याच जिल्ह्यातली माणसे तिकिटाशिवाय दहा पावलेही टाकू शकत नव्हती!

ही स्थिती आपोआप बदलली नाही. १८७१ मध्ये ९,४०१ भारतीयांनी आपली गाऱ्हाणी मांडणारा अर्ज सरकारकडे दिला. त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय गृहस्थाने मळेवाल्यांचा राग पत्करून त्यांना मदत केली. त्या अर्जामुळे इंग्लंडच्या सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल बाहेर आला. मजुरांचे हाल जगापुढे आले. पुढे १९०१ मध्ये महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईकडे येताना या बेटावर काही दिवस थांबले होते. १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाले. २००६ मध्ये या घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आज त्याच मजुरांची नातवंडे-पणतवंडे तो देश चालवतात. मजुरांची नावे, गावे आणि जहाजांच्या नोंदी असलेली जुनी दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत.

आमच्या सफरीतले शेवटचे ठिकाण नैर्ऋत्य टोकाला होते. त्याचे नाव ले मॉर्न. समुद्रातून सरळ वर आल्यासारखा ५५६ मीटर उंचीचा हा डोंगर. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्यांवर आणि गुहांत लपून राहत. तेथील लोक एक कथा सांगतात. गुलामगिरी संपली, हे सांगण्यासाठी शिपाई डोंगराकडे निघाले. आपल्याला पकडायलाच ते येत आहेत असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. पुन्हा गुलाम होण्यापेक्षा त्यांनी मरण पसंत केले. २००८ मध्ये या डोंगरालाही जागतिक वारशात स्थान मिळाले. पायवाटेने आम्ही अर्ध्या उंचीपर्यंत चढलो. पुढची चढण अवघड होती. खाली निळे पाणी चमकत होते. माझ्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते. आपाही गप्प होती.

परतीच्या बसमध्ये शाळेची मुले चढली. वाहकाने आमच्याकडून पैसे घेतले, पण त्या मुलांना काहीच मागितले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की २००५ पासून तेथे विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना बसप्रवास मोफत आहे. माध्यमिक शिक्षण तर १९७७ पासूनच मोफत आहे. तेथील शाळांत मुलांना आपल्या पूर्वजांची भाषाही शिकता येते. त्यांत उर्दू आहे आणि मराठीही आहे. ईद-उल-फित्र आणि गणेशचतुर्थी या दोन्ही दिवशी सगळ्या देशाला सुट्टी असते. ज्यांच्या पणजोबांना चालण्यासाठी तिकीट लागत होते, ती मुले बिनतिकिटाने शाळेत जाताना पाहून मला फार आनंद झाला.

आता शेवटची गोष्ट सांगते. ती मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण आपा ती नेहमी सांगते. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचे एक मोठे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या पोवळ्यांच्या बांधावर आदळले. काही दिवसांनी त्यातून शेकडो टन काळे तेल समुद्रात पसरू लागले. निळे पाणी काळे झाले. तेव्हा बेटावरचे हजारो लोक घरांतून बाहेर पडले. कोणी बोलावले नव्हते, कोणी मजुरी देणार नव्हते. त्यांनी शेतांतून उसाचे पाचट आणले, ते कापडाच्या लांब पिशव्यांत भरले, पिशव्या शिवल्या आणि त्यांचे तरंगते बांध करून तेल अडवले. शिक्षक, कोळी, विद्यार्थी, गृहिणी, सगळे रात्रंदिवस राबले. हात, कपडे, चेहरे तेलाने माखले. ज्या उसासाठी त्यांच्या पूर्वजांना राबवून घेतले, त्याच उसाच्या पाचटाने त्यांनी आपला समुद्र राखला.

त्या लोकांनी असे का केले असेल? कारण किनारा त्यांचा होता. हॉटेलाचा असता, तर त्यांनी दुरून हळहळ व्यक्त केली असती. किनाऱ्यालगतची जमीन हॉटेलांना दिली जाते, तेव्हाही तेथील नागरिकांनी विरोधासाठी आवाज उठवला आहे. जी जागा सर्वांची असते, ती सर्वांनी मिळून सांभाळावी लागते. नाही तर एके दिवशी तिच्याभोवती कुंपण पडते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे मॉरिशसला जाईल, कोणी जाणार नाही. पण बिनतिकिटाच्या जागा तुमच्या गावातही आहेत. तलावाचा काठ आहे, खेळाचे मैदान आहे, नगरपालिकेचे वाचनालय आहे, एखादा जुना किल्ला किंवा दर्ग्याचे अंगण आहे. आपाप्रमाणे तुम्हीही एक वही करा. प्रत्येक जागेचे नाव लिहा आणि त्यापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहा. ही जागा आपल्यासाठी कोणी राखली? आणि आपल्या धाकट्या भावंडांसाठी ती राखायला आपण काय करणार? दुसऱ्या प्रश्नापुढे थोडी जास्त जागा सोडा. तेथे लिहायला पुष्कळ असेल.